लिंडग्रेन, प्रीफॉन्टेन, रोनो की चेसेरेक? अमेरिकी कॉलेज धावपटूंचा वाद कोणत्या मापाने सोडवायचा

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएच्या क्रॉस कंट्री (ट्रॅकऐवजी मोकळ्या रानातून धावण्याच्या) स्पर्धेत पुरुषांचं वैयक्तिक विजेतेपद तीन वेळा जिंकणारे धावपटू चारच आहेत: जेरी लिंडग्रेन, स्टीव्ह प्रीफॉन्टेन, हेन्री रोनो आणि एडवर्ड चेसेरेक. चार वेळा कुणालाच जमलेलं नाही. स्पर्धा १९३८ पासून चालू आहे, त्यामुळे ही बरोबरी योगायोगाने झालेली नाही. शिवाय चौघांपैकी दोघे वॉशिंग्टन स्टेटचे आणि दोघे ओरेगनचे. म्हणजे भांडण माणसांचं आणि कॉलेजांचंही.

गुलवीर सिंग किंवा अविनाश साबळे यांच्या अमेरिकेतल्या शर्यतींच्या निमित्ताने आपल्याकडचे बरेच वाचक या जगात डोकावले आहेत. तिथे पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच कानावर पडतो: कॉलेजचा सर्वांत मोठा धावपटू कोण? उत्तर देण्याआधी माप ठरवावं लागतं, कारण माप बदललं की नाव बदलतं. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. कॉलेज कारकिर्दीची बेरीज करायची असेल तर चेसेरेक. एका मोसमात गाठलेली उंची बघायची असेल तर रोनो, आणि तिथे दुसरा जवळपासही नाही. मिळालेल्या संधींपैकी किती साधल्या हे मोजायचं असेल तर लिंडग्रेन. प्रीफॉन्टेनचं नाव सर्वांत मोठं आहे, पण निव्वळ कॉलेजच्या कागदावर तो या चौघांत पहिला येत नाही. हे वाक्य ओरेगनमध्ये मोठ्याने म्हणू नये.

| | लिंडग्रेन | प्रीफॉन्टेन | रोनो | चेसेरेक |
|---|---|---|---|---|
| विद्यापीठ | वॉशिंग्टन स्टेट | ओरेगन | वॉशिंग्टन स्टेट | ओरेगन |
| क्रॉस कंट्री विजेतेपदं | १९६६, ६७, ६९ | १९७०, ७१, ७३ | १९७६, ७७, ७९ | २०१३, १४, १५ |
| उतरूनही हुकलेली | एकही नाही | १९६९ (तिसरा) | १९७८ (२३७ वा) | २०१६ (तिसरा) |
| एनसीएए विजेतेपदं, एकूण | ११ | ७ | ६ | १७ |
| पहिल्या क्रॉस कंट्री विजेतेपदावेळी वय | २० | १९ | २४ | १९ |

बेरीज करताना कुठे चुकतं

१७ विरुद्ध ११ विरुद्ध ७ असे आकडे समोर आले की निकाल लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो. विजेतेपदांची संख्या दोन गोष्टींवर अवलंबून असते: धावपटू किती वर्षं पात्र होता आणि वर्षाला किती शर्यती त्याच्यापुढे होत्या.

लिंडग्रेनच्या वेळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एनसीएएत उतरायला बंदी होती, म्हणजे त्याच्या हातातलं एक वर्ष आधीच गेलं. उरलेल्या काळात तो एनसीएएच्या १२ अंतिम शर्यतींत उतरला आणि ११ जिंकला: क्रॉस कंट्री ३, ट्रॅकवर तीन मैल ३ आणि सहा मैल ३ (१९६८ मध्ये ५,००० आणि १०,००० मीटर), इनडोअर दोन मैल २. एकमेव पराभव १९६८ च्या इनडोअर दोन मैलांत झाला, तोही जिम रायनकडून. रायनच्या नावावर तेव्हा एक मैलाचा जागतिक विक्रम होता, ३:५१.१. (या लेखात वेळा मिनिटे:सेकंद अशा लिहिल्या आहेत.) हरायचंच तर असं हरावं. वरच्या तक्त्यातली तिसरी ओळ पुन्हा वाचा: बाकी तिघे चार वेळा उतरून तीन जिंकले, लिंडग्रेन तीनदा उतरून तिन्ही जिंकला.

प्रीफॉन्टेनला पहिल्या वर्षाची बंदी लागली नाही. १९७० ते १९७३ अशी चार वर्षं त्याने ट्रॅकवरची तीन मैलांची (१९७२ मध्ये ५,००० मीटरची) शर्यत सलग जिंकली. एकाच शर्यतीत सलग चार हे फार दुर्मीळ आहे. पण त्याच्या सातांत इनडोअरचं एकही नाही आणि ट्रॅकवर त्याने वर्षाला एकच विजेतेपद घेतलं. लिंडग्रेन एकाच स्पर्धेत तीन आणि सहा मैल दोन्ही जिंकत होता. १९७२ ची क्रॉस कंट्री प्रीफॉन्टेन धावलाच नाही. म्युनिक ऑलिंपिकनंतरचा तो क्रॉस कंट्री मोसम त्याने ‘रेडशर्ट’ केला, म्हणजे मोसम बाहेर बसून पात्रतेचं वर्ष पुढे राखून ठेवलं. कॉलेज खेळाडूला साधारणपणे पाच वर्षांच्या घड्याळात चार मोसम मिळत आले आहेत, त्यामुळे ही सोय नेहमी वापरली जाते. १९७३ चं विजेतेपद या राखलेल्या वर्षाचं आहे. यात काही गैर नाही, फक्त मोजताना लक्षात ठेवायचं.

चेसेरेकच्या १७ विजेतेपदांना दुसरी बाजू आहे. त्याच्यापुढे वर्षाला क्रॉस कंट्री, इनडोअरला मैल, ३,००० आणि ५,०००, बाहेर (उघड्या ट्रॅकवरच्या आउटडोअर मोसमात) ५,००० आणि १०,००० एवढं ताट वाढलेलं होतं, वर डिस्टन्स मेडले रिले (चौघांनी वेगवेगळी अंतरं धावायची रिले). १७ मध्ये रिलेची विजेतेपदंही धरलेली आहेत, म्हणून सुलेमान न्याम्बुईचे समर्थक बोट दाखवतात: टेक्सास-एल पासोच्या या टांझानियन धावपटूने १९७९ ते १९८२ मध्ये १५ विजेतेपदं मिळवली होती. मुद्दा रास्त आहे, पण आम्ही तरीही चेसेरेकला वर ठेवतो. २०१६ च्या इनडोअर स्पर्धेत त्याने एकाच वीकेंडला ५,०००, ३,००० आणि रिले अशी तिन्ही विजेतेपदं घेतली. रिलेत त्याने पळून दिलेला टप्पा हा फुकटचा गुण नव्हता, दुसऱ्या दिवशीच्या पायांतून काढून दिलेला होता.

मग कसं मोजायचं? आम्ही तीन आकडे शेजारी मांडतो: वैयक्तिक विजेतेपदं, उतरलेल्या अंतिम शर्यती आणि पात्र मोसम. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की लिंडग्रेन वर येतो, पहिल्याला तिसऱ्याने भागलं की चेसेरेक. वेगवेगळे भागाकार घेऊन भांडणारे दोघेही बरोबर असतात आणि दोघांनाही ते कळत नाही.

रोनोचे ८१ दिवस

विजेतेपदांच्या यादीत रोनो चौथा आहे आणि ती यादी त्याच्या बाबतीत निरुपयोगी आहे. १९७८ च्या वसंतात, वॉशिंग्टन स्टेटचा विद्यार्थी असताना, त्याने ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले. ८ एप्रिलला बर्कलीत ५,००० मीटर १३:०८.४, १३ मेला सिएटलमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस ८:०५.४, ११ जूनला व्हिएन्नात १०,००० मीटर २७:२२.५ आणि २७ जूनला ऑस्लोत ३,००० मीटर ७:३२.१. पहिला विक्रम एका कॉलेज मीटमधला आहे. युरोपातली मोठी रात्र नाही, विक्रमासाठी जमवलेले धावपटू नाहीत.

व्हिएन्नातला विक्रम त्याने मोडला तो कुणाचा? सॅम्सन किमोब्वाचा, २७:३०.५, १९७७. किमोब्वाही वॉशिंग्टन स्टेटचाच. १९७६ च्या क्रॉस कंट्रीत रोनो पहिला आणि किमोब्वा दुसरा होता. एकाच कॉलेजच्या संघातल्या दोघांनी लागोपाठ १०,००० मीटरचा जागतिक विक्रम धरावा, असं पुन्हा घडेल असं वाटत नाही.

त्याच १९७८ च्या नोव्हेंबरात, मॅडिसनच्या क्रॉस कंट्रीत, हा चार जागतिक विक्रमांचा मालक २३७ वा आला. ओरेगनचा आल्बर्टो सालाझार जिंकला. रोनोच्या विरोधकांचं हे आवडतं हत्यार आहे. आम्हाला ते बोथट वाटतं, कारण पुढच्याच वर्षी रोनोने सालाझारला मागे टाकून तिसरं विजेतेपद घेतलं. जो माणूस एप्रिलपासून चार खंडांतल्या धावपटूंना पुरून उरला, तो नोव्हेंबरपर्यंत रिकामा झाला. कॉलेजचं वर्ष सप्टेंबरपासून जूनपर्यंत तीन मोसमांचं (क्रॉस कंट्री, इनडोअर, आउटडोअर) असतं, त्यात उन्हाळ्याचा युरोप दौरा घातला की विश्रांतीला जागाच उरत नाही. आजही हेच घडतं, फक्त २३७ व्या क्रमांकाऐवजी नाव काढून घेतलं जातं.

रोनोच्या बाबतीत एक तांत्रिक खोच मात्र खरी आहे. व्हिएन्ना आणि ऑस्लोच्या वेळा कॉलेज विक्रमात धरायच्या का? कॉलेजचा मोसम एनसीएए स्पर्धेबरोबर संपतो असं मानलं तर त्यानंतरची वेळ विद्यार्थ्याची असली तरी कॉलेजची नाही. म्हणून वादात ‘कॉलेज विक्रम’ हा शब्द आला की आधी विचारा: तारीख काय, आणि धावपटूची पात्रता त्या दिवशी शिल्लक होती का? स्टीपलचेसच्या ८:०५.४ ला ही अडचण नाही. ती मे महिन्यातली वेळ आहे आणि ती चाळीस वर्षांहून जास्त काळ कॉलेज विक्रम म्हणून उभी राहिली. फोमचे स्पाइक (खिळ्यांचे बूट) आले, ट्रॅक बदलले, ५,००० आणि १०,००० चे जुने आकडे पत्त्यांसारखे कोसळले, हा पडला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, त्यामुळे पेसरच्या (ठरावीक वेगाने पुढे धावून गती राखून देणाऱ्याच्या) मागे लागून एकसारखा वेग राखण्याचा फायदा तिथे कमी मिळतो.

केनियाने १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिकवर बहिष्कार टाकल्यामुळे रोनो ऑलिंपिकमध्ये कधीच धावला नाही. म्हणून त्याची कॉलेजची वर्षं हीच त्याची मुख्य कारकीर्द ठरली. प्रीफॉन्टेनच्या नावाबरोबर म्युनिकची ती ५,००० मीटरची शर्यत आणि चौथा क्रमांक कायमचा जोडलेला आहे, रोनोच्या नावाला असं काही चिकटलेलं नाही.

एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा

चौघांपैकी दोघेच खरोखर एकमेकांविरुद्ध धावले: लिंडग्रेन आणि प्रीफॉन्टेन, १९६९ च्या हिवाळ्याआधी. पॅसिफिक-८ परिषदेच्या (पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या गटाच्या) क्रॉस कंट्रीत दोघे खांद्याला खांदा लावून रेषेवर आले, दोघांना एकच वेळ मिळाली आणि पंचांनी लिंडग्रेनला पहिला दिला. पुढे न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत लिंडग्रेन पहिला, एअर फोर्सचा माइक रायन दुसरा, प्रीफॉन्टेन तिसरा. रायन आदल्या वर्षीचा विजेता होता.

या दोन शर्यतींचा निकाल २-० आहे, पण त्या दिवशी लिंडग्रेन २३ वर्षांचा आणि प्रीफॉन्टेन १८ वर्षांचा होता. समोरासमोरचा निकाल वजनदार पुरावा असतो तो दोघेही आपापल्या ऐन भरात असतील तेव्हा. इथे एकाची कारकीर्द संपत आली होती आणि दुसऱ्याची जेमतेम सुरू होत होती. म्हणून आम्ही या दोन शर्यतींचा अर्थ एवढाच लावतो की पहिल्या वर्षाचा पोरगा लिंडग्रेनच्या छातीपर्यंत पोचला होता.

प्रीफॉन्टेन मे १९७५ मध्ये २४ व्या वर्षी अपघातात गेला. त्याच्याविषयी बोलताना लोक नकळत त्याच्या न घडलेल्या शर्यतीही मोजतात. कॉलेजच्या यादीत त्या धरता येत नाहीत.

घड्याळावर किती विश्वास ठेवायचा

आजच्या वादांत ‘पण वेळ बघ ना’ हा मुद्दा सर्वांत आधी येतो आणि सर्वांत जास्त फसवतो.

जुन्या वेळांपासून सुरुवात करू. तीन मैल म्हणजे ४,८२८ मीटर, ५,००० पेक्षा १७२ मीटर कमी. सहा मैल म्हणजे ९,६५६ मीटर, १०,००० पेक्षा ३४४ मीटर कमी. रूपांतर करताना सरसकट अर्धा मिनिट मिळवू नका, त्याच शर्यतीचा सरासरी वेग घ्या. लिंडग्रेनने १९६५ मध्ये बिली मिल्सच्या बरोबरीने सहा मैलांचा २७:११.६ असा जागतिक विक्रम केला. १,६३१.६ सेकंदांना ९,६५६ ने भागा, मीटरला ०.१६९ सेकंद येतात, उरलेल्या ३४४ मीटरना सुमारे ५८. म्हणजे १०,००० ला साधारण २८:१०. वीस वर्षांचाही न झालेला विद्यार्थी, सिंथेटिक ट्रॅक आणि फोमच्या स्पाइकच्या आधीचा काळ. आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना हे लिहून ठेवा.

क्रॉस कंट्रीच्या वेळा तर एकमेकांशी लावूच नयेत. पुरुषांचं अंतर आधी चार मैल होतं, १९६५ पासून सहा मैल, १९७६ पासून १० किलोमीटर. अंतर सारखं असलं तरी चढ, चिखल आणि वारा सारखे नसतात. इंडियानातल्या टेरे होटच्या कोर्सवर २००९ मध्ये सॅम चेलँगा २८:४१.३ मध्ये जिंकला, त्याच कोर्सवर २०१४ मध्ये चेसेरेक ३०:१९.४ मध्ये. दोघेही विजेते, फरक ९८ सेकंदांचा. चेसेरेक दीड मिनिटाने हळू धावपटू होता असं कुणी म्हणणार आहे का? पुढच्याच वर्षी लुइव्हिलमध्ये तो २८:४५.८ मध्ये जिंकला. क्रॉस कंट्रीत वेळ सोडा, दुसऱ्या क्रमांकापासूनचं अंतर बघा आणि मागे कोण कोण होतं ते बघा.

आता अलीकडच्या वेळा. इनडोअर मैलाचा कॉलेज विक्रम चेसेरेकने २०१७ मध्ये ३:५२.०१ केला. २०२१ मध्ये ओरेगनच्याच कूपर टियरने ३:५०.३९ केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा इथन स्ट्रँड ३:४८.३२ धावला आणि त्याच शर्यतीत व्हर्जिनियाचा गॅरी मार्टिन ३:४८.८२. जो आकडा आठ वर्षांपूर्वी एकमेव होता, तो आता दुसऱ्या क्रमांकालाही पुरत नाही. एवढ्या झपाट्याने माणसं बदलत नाहीत. तीन गोष्टी बदलल्या.

एक म्हणजे स्पाइक. २०२० च्या आसपास हलका, परतावा देणारा फोम आणि आत कडक पट्टी असलेले ट्रॅक स्पाइक सगळ्यांच्या पायात आले. १३ मिनिटांच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे जवळपास ८ सेकंद होतात, म्हणून अगदी छोट्या फायद्यानेही याद्या उलट्यापालट्या होतात. दुसरी गोष्ट जागा. बॉस्टन विद्यापीठाचा २०० मीटरचा, वळणांवर उंचावलेला इनडोअर ट्रॅक वेगासाठी प्रसिद्ध आहे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे वेळा काढायलाच लोक येतात.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण आमच्या मते तीच मुळाशी आहे: पात्रतेची पद्धत. एनसीएए इनडोअरला प्रत्येक शर्यतीत मोसमाच्या यादीतले पहिले १६ घेतले जातात. यादी वेळेची असते, हार-जितीची नाही. त्यामुळे हिवाळ्यात सगळे पेसर लावलेल्या, एकसारख्या वेगाच्या शर्यती शोधतात आणि दहावा येऊनही खूश होऊन परततात. बाहेरच्या मोसमात मात्र पूर्व आणि पश्चिम विभागात प्रत्येकी ४८ जण उतरतात, प्रत्येकी १२ पुढे जातात. १०,००० मीटरवाल्याला विभागात एकदा आणि अंतिम स्पर्धेत पुन्हा एकदा, थोड्या आठवड्यांत दोन पूर्ण शर्यती धावाव्या लागतात. तिथे घड्याळाला कुणी विचारत नाही.

हा फरक एकाच माणसात दिसतो. २९ मार्च २०२५, कॅलिफोर्नियातलं सान हुआन कॅपिस्ट्रानो: न्यू मेक्सिकोचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इश्माएल किपकुरुई १०,००० मीटर २६:५०.२१ मध्ये धावला, तेव्हाचा कॉलेज विक्रम. दुसरा त्याच कॉलेजचा हब्तोम सॅम्युएल, २६:५१.०६. आपला गुलवीर सिंग त्याच शर्यतीत २७:००.२२ च्या राष्ट्रीय विक्रमासह सहावा आला, म्हणजे भारताच्या सर्वोत्तम वेळेपुढे त्या रात्री दोन कॉलेज विद्यार्थी होते. त्याच जूनमध्ये किपकुरुईने एनसीएएचं १०,००० चं विजेतेपद जिंकलं ते २९ मिनिटांहून जास्त वेळात. दोन मिनिटं हळू, आणि तरी ती जास्त महत्त्वाची शर्यत, कारण तिथे सगळे एकमेकांकडे बघत धावतात आणि निकाल शेवटच्या काही फेऱ्यांत लागतो.

आपल्या विक्रमांनाही हाच हिशेब लावावा लागतो. बहादूर प्रसाद यांचा ५,००० मीटरचा १३:२९.७० हा १९९२ चा विक्रम बीडच्या अविनाश साबळेने मे २०२२ मध्ये मोडला, १३:२५.६५, आणि तोही सान हुआन कॅपिस्ट्रानोतच. गुलवीर १३ मिनिटांच्या आत गेला (१२:५९.७७, फेब्रुवारी २०२५) तो बॉस्टनच्या त्याच इनडोअर ट्रॅकवर. यात त्यांचं श्रेय रतिभरही कमी होत नाही. पण तीस वर्षं टिकलेल्या प्रसाद यांच्या वेळेची किंमत यातून कळते.

वेळ आणि विजेतेपद यांची सर्वांत मोठी फारकत नॉर्दर्न ॲरिझोनाच्या निको यंगमध्ये दिसते. जानेवारी २०२४ मध्ये बॉस्टनला १२:५७.१४ धावून ५,००० मीटर १३ मिनिटांच्या आत आणणारा तो पहिला कॉलेज धावपटू ठरला. मार्चमध्ये १०,००० ला २६:५२.७२ धावून त्याने चेलँगाचा १४ वर्षं जुना २७:०८.३९ मोडला. त्या महिन्यात इनडोअरची दोन विजेतेपदंही घेतली. पण वैयक्तिक क्रॉस कंट्री त्याला कधीच जिंकता आली नाही, २०२२ ला दुसरा आला तेवढंच. चेसेरेक आणि यंग यांत निवड करायची झाली तर आम्ही चेसेरेकच निवडतो. उलट बाजू घेणाऱ्याने निदान बॉस्टनच्या वेळा बाजूला काढून मग युक्तिवाद करावा.

एक किरकोळ सूचना. फ्लॅगस्टाफसारख्या (नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचं गाव) २,१०० मीटर उंचीवरच्या किंवा सपाट इनडोअर ट्रॅकवरच्या वेळांना एनसीएए पात्रतेसाठी सूट देऊन रूपांतर करते. ती रूपांतरित वेळ यादीत जाण्यापुरती असते, विक्रमाला चालत नाही. वादात कुणी आकडा फेकला तर तो धावलेला आहे की रूपांतरित, हे विचारायला विसरू नका.

टूही की व्हॅल्बी

एनसीएएची महिला क्रॉस कंट्री १९८१ मध्ये सुरू झाली, अंतर २००० पासून ६ किलोमीटर. म्हणून पुरुषांसारखी अर्ध्या शतकाची तुलना इथे करता येत नाही. पण खऱ्या वैराच्या दृष्टीने गेल्या दशकातली सर्वोत्तम जोडी इथेच आहे, कारण या दोघी ऐन भरात पुन्हा पुन्हा समोरासमोर आल्या.

नोव्हेंबर २०२२, स्टिलवॉटर. फ्लोरिडाची पार्कर व्हॅल्बी मोठी आघाडी घेऊन पळत होती. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या केटलिन टूहीने शेवटच्या टप्प्यात तिला गाठलं आणि १९:२७.७ मध्ये जिंकली, व्हॅल्बी तीन-चार सेकंद मागे. मार्च २०२३ च्या इनडोअरमध्ये टूहीने ३,००० आणि ५,००० दोन्ही घेतले. मग पारडं फिरलं. जून २०२३ च्या ५,००० मध्ये व्हॅल्बी जिंकली, नोव्हेंबरात क्रॉस कंट्री १८:५५.२ मध्ये जिंकली आणि टूही पाचवी आली. त्यानंतर व्हॅल्बीने इनडोअर ३,००० व ५,००० आणि बाहेर ५,००० व १०,००० जिंकून एका शैक्षणिक वर्षात पाचही विजेतेपदं पुरी केली. असं करणारी ती पहिलीच.

निवड? एका वर्षाची उंची व्हॅल्बीची. पण संघाला धरून बघाल तर टूही: २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं नॉर्थ कॅरोलायना स्टेट संघ विजेता ठरला आणि तिन्ही संघांत ती होती. २०२३ चं विजेतेपद १२३ विरुद्ध १२४ असं, नॉर्दर्न ॲरिझोनावर एका गुणाने मिळालं. टूही त्या दिवशी पाचवीऐवजी सातवी आली असती तर तेही गेलं असतं. ज्याला आपण तिचा पराभव म्हणतो, त्याच धावेने तिच्या संघाला जिंकवलं.

संघ मोजताना

एका गुणाचं महत्त्व कळायला गुणपद्धत माहीत हवी. संघाचे सात जण धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते, कमी बेरीज जिंकते. संघाशिवाय आलेल्या धावपटूंना गुणांसाठी वगळून क्रमांक पुन्हा लावले जातात. सहावा आणि सातवा मोजले जात नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या आधी आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. एका संघाचे १, २, ३०, ४०, ५० असे आले तर १२३ होतात. दुसऱ्याचे २० ते २४ असे सलग आले तर ११०, आणि पहिल्या एकोणिसांत एकही माणूस नसतानाही तो संघ जिंकतो. संघ बिघडतो तो नेहमी पाचव्या माणसापाशी.

बरोबरी झाली तर दोन्ही संघांचा पहिला विरुद्ध पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा असे पाच सामने लावतात. २०२२ मध्ये नॉर्दर्न ॲरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट ८३-८३ वर अडकले, तेही ओक्लाहोमा स्टेटच्या घरच्या कोर्सवर, आणि ॲरिझोनावाले ३-२ ने सुटले. पुढच्या वर्षी ओक्लाहोमा स्टेटने ४९ विरुद्ध ७१ असा हिशेब चुकता केला. २०२४ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ १२४ गुणांवर जिंकलं आणि महिलांचं विजेतेपदही त्यांनीच नेलं.

दीर्घ काळ बघायचा तर प्रशिक्षक जॉन मॅकडॉनेल यांच्या अर्कान्सासची पुरुषांची ११ क्रॉस कंट्री विजेतेपदं नॉर्दर्न ॲरिझोनाच्या सहांवर भारी पडतात. पण ती सहा २०१६ ते २०२२ या सात वर्षांतली आहेत. गुणांच्या नीचांकावर जायचं तर टेक्सास-एल पासो, १९८१, १७ गुण. पाच जणांची शक्य तितकी कमी बेरीज १५ असते.

एल पासोचं नाव निघालं की वयाचा मुद्दा येतोच: परदेशातून आलेले मोठे, तयार धावपटू विरुद्ध शाळेतून थेट आलेली पोरं. रोनोचं पहिलं विजेतेपद २४ व्या वर्षीचं, न्याम्बुईने १९८० ची क्रॉस कंट्री जिंकली तेव्हा तो सत्ताविशीत होता. हा फरक खरा आहे आणि मोजायला हवा. फक्त तो सगळीकडे सारखा लावा. ब्रिगहॅम यंगचे बरेच धावपटू दोन वर्षं चर्चच्या सेवेसाठी जाऊन परत येतात, तेही शेवटच्या वर्षी चोवीस-पंचविशीत असतात. चेसेरेक केनियाचा असला तरी न्यू जर्सीतल्या शाळेतून ओरेगनला आला आणि १९ व्या वर्षी जिंकला. म्हणजे ‘परदेशी’ आणि ‘वयस्क’ हे दोन वेगळे आक्षेप आहेत. तक्त्यातली शेवटची ओळ आम्ही त्यासाठीच ठेवली आहे.